मुंबई फिरायची तर वार आणि वेळ बघून

मुंबई बघायला येणाऱ्यांची यादी बहुतेक ठरलेली असते. गेटवे, मरिन ड्राइव्ह, क्रॉफर्ड मार्केट, दादरची खरेदी, जमलं तर गेटवेहून लाँचने घारापुरीची (एलिफंटाची) लेणी. यादीत चूक काहीच नाही, फसगत होते ती वारात आणि वेळेत. रविवारी मंगलदासच्या कापडबाजारात जावं तर शटर खाली, सोमवारी गेटवेवर पोचावं तर घारापुरीची लेणी बंद, शुक्रवारी चोरबाजार गाठावा तर दुकानांना कुलपं. इथल्या प्रत्येक बाजाराची आणि रस्त्याची आपली अशी वेळ आहे. ती साधली की तीच जागा निम्म्या दगदगीत मनासारखी बघून होते.

आधी सुट्ट्या लिहून घ्या. फोर्ट, मंगलदास, लोहार चाळ, झवेरी बाजार हा सगळा पट्टा रविवारी झोपलेला असतो. दादरची बरीच जुनी दुकानं सोमवारी बंद. चोरबाजाराला शुक्रवारची सुट्टी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग आणि तिला लागूनच असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय मात्र रोज सकाळी सव्वादहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं, त्यामुळे कुठल्याही बिघडलेल्या बेताला ते हाताशी ठेवावं. रविवार कशाला वापरायचा? तर चालायला. फोर्टातल्या इमारती बघायला रविवार सकाळसारखी वेळ नाही, रस्ते रिकामे असतात आणि मान वर करून उभं राहिलं तरी कुणाचा धक्का लागत नाही.

रविवारचा दुसरा घोळ म्हणजे लोकल गाड्या थांबवणारा ब्लॉक. मध्य आणि हार्बर मार्गावर दुरुस्तीसाठी सकाळी साधारण अकरापासून दुपारी चार-पाचपर्यंत मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवरही बऱ्याच रविवारी असतो. आदल्या दिवशीच्या पेपरात तो येतो. बाकी दिवशी एकच नियम पाळा: सकाळी गर्दी दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी उत्तरेकडे परतते. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ चर्चगेट किंवा सीएसएमटीहून बोरिवली-ठाण्याकडे निघू नये, विशेषतः पिशव्या आणि लहान मुलं बरोबर असतील तर. तो वेळ मरिन ड्राइव्हवर घालवावा आणि नऊनंतर परतावं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो-३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. सीएसएमटी, हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर अशी तिची स्थानकं आहेत आणि बाजारांसाठी काळबादेवी फार सोयीचं पडतं. रिक्षा बांद्रा आणि सायनच्या अलीकडे शहरात येत नाही, तिथून पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

पहाटे ससून डॉक

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालचा. पहाटे पाचच्या सुमाराला बोटींवरून माल उतरतो, टोपल्यांचा लिलाव होतो आणि सातनंतर जोर ओसरायला लागतो. आठला पोचलात तर ओली जमीन आणि बर्फाचा चुरा बघून परत याल. पायात पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या चपला किंवा जुने बूट हवेत. खाली सगळीकडे मासळीचं पाणी असतं. डोक्यावर टोपली घेऊन येणारा माणूस थांबू शकत नाही, त्याने आवाज दिला की आपण बाजूला व्हायचं. फोटोला परवानगी लागते, तेव्हा मोबाइल खिशातच बरा.

घरी न्यायची असेल तर मोठे लिलाव सोडा, कोळणी वाटे लावून बसलेल्या असतात तिथे जा. ‘मावशी, वाटा कसा दिला?’ इथून सुरुवात करायची. पापलेटचा कल्ला दाबून बघा: पांढरट पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर शिळं. सुरमईचा कल्ला लाल हवा आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. बोंबील हातात घेतल्यावर लोळागोळा होत असेल तर तो सोडून द्यावा, तळताना पाणी सुटतं आणि तुकडे पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत डॉक बघण्यासारखा नसतो आणि हॉटेलात मिळणारं पापलेट बहुतेक बर्फातलं असतं. तेव्हा मासे खायलाच यायचं असेल तर नारळी पौर्णिमेनंतर या.

क्रॉफर्ड, मंगलदास आणि पुढे

महात्मा जोतिबा फुले मंडई, सगळ्यांच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केट, १८६९ ची. आत शिरण्याआधी दारावरची दगडी शिल्पपट्टी बघा, शेतकऱ्यांची ती शिल्पं शिल्पकार लॉकवूड किपलिंग यांनी केलेली आहेत. फळांचा घाऊक व्यापार वाशीला गेला, पण एप्रिल-मेमध्ये आंबा बघायला आजही लोक इथे येतात. हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा गळ्यात मारणं हा जुना प्रकार आहे. दिसायला दोन्ही सारखेच, फरक कापल्यावर कळतो: कोकणच्या हापूसचा गर केशरी, दुसऱ्याचा पिवळा. म्हणून पेटी घेण्याआधी एक आंबा कापून दाखवायला सांगा आणि पेटीतला खालचा थर उघडून बघा. वास देठाजवळ घ्यायचा. सालीचा रंग एकसारखा पिवळाधमक आणि वास मात्र नाही, असा आंबा घेऊ नये.

मंडईसमोरून आत गेलं की मंगलदास मार्केट, कापडाचं. इथे भावाआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा. ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्हे असतात आणि मीटरचा भाव कमी दिसला तरी पन्हा लहान असेल तर एकूण खर्च जास्त होतो. ४४ पन्ह्यात साध्या कुर्त्याला अडीच मीटर, ब्लाउजला एक मीटर पुरतं. शर्टाला ५८ पन्ह्यात १.६ मीटर, ३६ मध्ये जवळजवळ अडीच. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा, रंग रुमालावर उतरला तर घरच्या सगळ्या धुण्यावर उतरणार. सुती कापड आटतं, त्यामुळे शिवायला टाकण्याआधी एकदा भिजवा आणि घेतानाच दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त घ्या. सकाळी अकरा ते एक ही वेळ उत्तम. दुपारनंतर गल्ल्यांमध्ये हातगाड्या अडकतात आणि पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल वाट मागत राहतात, तिथे मग कापड उलगडून बघायलाही जागा उरत नाही.

झवेरी बाजारात सोनं घ्यायचं तर दागिन्यावर तीन गोष्टी कोरलेल्या हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. हा एचयूआयडी बीआयएस केअर या अ‍ॅपवर तिथल्या तिथे टाकून बघता येतो. बिलात सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे मागा. घासाघीस भावावर होत नाही, घडणावळीवर होते. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे विचारायला लाजू नये.

पैठणीसाठी दादर. पदर उलटा करून बघणं ही खरी परीक्षा. हातमागावर मोर-पोपटांची नक्षी धाग्यात धागा अडकवून विणलेली असते, त्यामुळे उलटी बाजूही जवळपास सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. यंत्रमागाची साडी वाईट असते असं नाही, पण तिला हातमागाचा भाव देऊ नये.

चोरबाजारात मटन स्ट्रीटला जुने दिवे, ग्रामोफोन, सिनेमाची पोस्टरं, पितळी कड्या-कोयंडे मिळतात. ‘जुनं’ म्हणून जे विकतात त्यातलं बरंच नव्याने घडवून जुनं केलेलं असतं. पितळ आहे का हे बघायला चुंबक न्यावा; चिकटला तर आत लोखंड आहे.

लालबागची मसाला गल्ली

पाहुण्यांच्या यादीत ही सहसा नसते आणि ती असायला हवी असं मला फार वाटतं. मुंबईहून न्यायची एकच वस्तू निवडायची तर ती समोर कुटून घेतलेला मसाला. चिंचपोकळी किंवा करी रोड स्टेशनला उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. शेजारीच चिवड्याची दुकानं आहेत.

पद्धत अशी. आधी मिरची निवडायची. बेडगी रंगाला आणि चवीला, संकेश्वरी तिखटपणाला, काश्मिरी लालभडक रंगाला. मध्यम तिखट मालवणी मसाल्यासाठी किलोभर मिरचीत अर्धा किलो बेडगी, पाव किलो संकेश्वरी, पाव किलो काश्मिरी हे प्रमाण चालतं. धणे पाव ते अर्धा किलो. धणे वाढवले की रस्सा दाट होतो आणि तिखटपणा उतरतो. मग खडा मसाला: लवंग, दालचिनी, मिरी प्रत्येकी २५ ते ५० ग्रॅम, त्याबरोबर बडीशेप, जिरं, शहाजिरं, दगडफूल, तमालपत्र, बाद्यान, जायपत्री, मसाला वेलची, नागकेशर, त्रिफळ, खसखस, हळकुंड आणि खडा हिंग. किलोचा हिशेब सांगितला की दुकानदार सगळं मोजून देतात, पण मिरची स्वतः बघा. मूठभर मिरची दाबा. कडकन मोडली तर सुकी, वाकली तर दमट. दमट मिरची कुटली की मसाल्याच्या गुठळ्या होतात आणि दोन महिन्यांत जाळी धरते. देठ काढलेले आहेत का तेही बघा, देठांसकट कुटलेला मसाला फिका पडतो.

भाजणं तिथेच करून मिळतं. प्रत्येक जिन्नस वेगळा, थोड्या तेलावर, मंद आचेवर. खसखस आणि दगडफूल क्षणात करपतात आणि एक जिन्नस करपला की सगळा मसाला कडू होतो, म्हणून हे शेवटी. दगडफुलात माती-खडे असतात, ते भाजण्याआधी निवडावं लागतं, नाहीतर जेवताना दाताखाली कचकच येते. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच डंकावर जातं. डंकाचे लोखंडी मुसळ वर-खाली होत मसाला हळूहळू कुटतात, चाळून जाडसर पुन्हा खाली टाकतात. चक्कीत दळण्यापेक्षा याला वेळ लागतो, पण मसाला तापत कमी आणि वास टिकतो. आपल्या आधी कुणाचा कांदा-लसूण मसाला कुटला असेल तर डंक पुसून घ्यायला सांगा. कुटताना थोडी घट येतेच, एक किलोला पूर्ण एक किलो परत मिळत नाही.

मसाला कोमट असताना पिशवीत बांधू नका. आत वाफ धरते आणि तिथूनच तो खराब व्हायला लागतो. कागदावर पसरून गार करायचा, मग कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे दोन-तीन खडे. वर्ष आरामात निघतं. प्रवासात दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर कापडी पिशवी, नाहीतर सगळ्या बॅगेतले कपडे मसाल्याच्या वासाचे होतात. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत वर्षाचे मसाले करणाऱ्यांची इथे रीघ असते, तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी दुकान उघडतानाच जावं. गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबागला दर्शनासाठी या, मसाल्यासाठी नको.

पोटपूजा

खाण्याच्या बाबतीतही वेळ मोठी. सकाळ इराणी हॉटेलाची: धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर कयानी, १९०४ पासूनचं. बन मस्का चहात बुडवून खायचा आणि मावा केक ताजा असताना घ्यायचा. गिरगावात मिसळीला विनय हेल्थ होम. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया हे १९२३ चं, फक्त दुपारी उघडं असतं. बेरी पुलाव खायचा तर बाराच्या सुमारालाच नंबर लावा. सीएसएमटीसमोर आराममध्ये वडापाव, थालीपीठ, पियूष. दादरला साबुदाणा वडा आणि पियूषसाठी प्रकाश, सेनाभवनाजवळ आस्वाद. जेवणाच्या वेळी या सगळीकडे थांबावं लागतं, आणि टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायची तयारी हवी.

मासळीच्या खानावळीत थाळीचा भाव ठरलेला असतो, पण पापलेट आणि खेकडा आकारावर लावतात. ‘आजचा कितीला?’ हे ताट येण्याआधी विचारायचं. सोलकढी शेवटी प्यावी.

फोर्टातली पायपीट

सुरुवात सीएसएमटीपासून. बांधकाम १८७८ ते १८८८, वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, जागतिक वारसा २००४ पासून. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. समोरच्या पदपथावरून दोन्ही एका नजरेत येतात. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक: १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावंच. जवळच किताबखाना या पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकंही ठेवलेली असतात. मग विद्यापीठ, २८० फुटी राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि ओव्हल मैदान.

ओव्हलवर उभं राहण्याची वेळ महत्त्वाची. मैदानाच्या पूर्वेला गॉथिक इमारती, त्यांची तोंडं पश्चिमेला. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, त्यांची तोंडं पूर्वेला. त्यामुळे सकाळचं ऊन आर्ट डेकोवर पडतं, संध्याकाळचं कुर्ल्याच्या पिवळसर दगडातल्या राजाबाई टॉवरवर. फोटो काढायचे तर हे उलटं करू नका. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेले. आर्ट डेकोमध्ये काय बघायचं? खिडक्यांवरचे गोलाकार छज्जे, जहाजाच्या खिडकीसारखे गोल झरोके, इमारतीच्या नावाची वळणदार अक्षरं, फाटकांवरची उगवत्या सूर्याची नक्षी. कोपऱ्यावर १९३८ चं इरॉस सिनेमागृह. तिथून सरळ मरिन ड्राइव्ह. बघत चाललात तर अडीच-तीन तास. चालून थकलेल्यांसाठी सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी वातानुकूलित दुमजली बस आहे, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळवा.

समुद्राशी संबंध येईल तिथे भरतीचं वेळापत्रक बघा. हाजीअलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. घारापुरीच्या लाँच गेटवेहून सकाळी नवाच्या सुमाराला सुटायला लागतात, जायला तासभर, वर साधारण १२० पायऱ्या. परतीची शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, ती नक्की किती वाजता हे उतरतानाच विचारून ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहतात. मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरू नका, शेवाळावर पाय घसरला की माणूस फटीत अडकतो.

रात्र

मुंबईची मराठी रात्र म्हणजे नाटक. शिवाजी मंदिर दादरला प्लाझासमोर, यशवंत माटुंग्याला, दीनानाथ पार्ल्याला, साहित्य संघ गिरगावात. शनिवार-रविवारी दुपार आणि रात्र असे प्रयोग असतात, जाहिराती पेपरात येतात, तिकीट ऑनलाइन किंवा खिडकीवर. पहिल्या रांगांपेक्षा पाचवी ते आठवी रांग बघायला चांगली. मध्यंतरात वडा खायचा तर पडदा पडण्याआधी उठावं लागतं, पण तसं करू नका, अंकाचा शेवटचा प्रवेश चुकतो. १९११ चं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ ला पुन्हा उघडलं, तिथे एखादा कार्यक्रम असेल तर वास्तूसाठी तरी जावं.

बारसाठी कुलाबा, लोअर परळ, बांद्रा. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ चं, मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. राज्यात बिअर-वाइनला २१ वर्षं आणि कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण लागतात, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. मद्य दीडपर्यंतच मिळतं आणि शेवटची ऑर्डर त्याआधीच घेतात. परळ-अंधेरीच्या क्लबांत एकट्या पुरुषांना दारातून परत पाठवतात किंवा जास्त पैसे घेतात, ते आधी फोन करून विचारावं. ड्राय डे, म्हणजे मद्यविक्री बंद असलेले दिवस, तेही तपासा.

रमजानच्या महिन्यात मात्र सगळं सोडून महम्मद अली रोडला मिनारा मशिदीकडे जावं. इफ्तारनंतर गर्दी वाढत जाते, दहानंतर खरी मजा. मालपुवा मोठा असतो, चौघांत एक घ्या. फिरनी मातीच्या वाडग्यात. निहारीबरोबर गरम रोटी. सुटे पैसे न्या, गाडी नेऊ नका, मस्जिद किंवा सीएसएमटी स्टेशनहून चालत जा.

मेट्रो-३ साडेदहाच्या सुमाराला थांबते, शेवटच्या लोकल बाराच्या पुढे एकच्या आत सुटतात आणि मग पहाटे चारपर्यंत काही नाही. लांबच्या उपनगरात उतरला असाल तर आपली शेवटची गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत जाते ते निघताना बघा. कल्याण-विरारच्या पुढच्या गाड्या त्याआधीच संपतात. ती चुकली तर टॅक्सी मीटरने ठरवा, मध्यरात्रीनंतरचा दर जास्त असतो.